मुठीतले पडदे

जुने व्हिडिओ गेम खेळण्यासाठी जे छोटे हँडहेल्ड संच आज बाजारात येतात, त्यांच्या जाहिरातींत पहिला आकडा असतो तो स्क्रीनच्या इंचांचा. साडेतीन इंच, चार इंच, पाच इंच. घेणाराही बहुधा तोच पाहतो. प्रत्यक्षात या संचांच्या बाबतीत इंचांतून फारसे काही कळत नाही. स्क्रीनवर आडवे-उभे ठिपके किती, म्हणजेच पिक्सेल किती, ज्या खेळासाठी संच घ्यायचा त्याच्या मूळ पिक्सेलांशी ते कोणत्या पटीत जुळतात, आणि चित्र दिसण्यासाठी लागणारा प्रकाश कुठून येतो, या तीन गोष्टी आधी पाहायला हव्यात. जुने खेळ विशिष्ट स्क्रीन डोळ्यांपुढे ठेवून रचलेले होते. तिचे गुण त्यांनी वापरले आणि दोषही वापरून घेतले. त्यामुळे कोणता संच चांगला, या प्रश्नाचे उत्तर त्या जुन्या स्क्रीन कशा होत्या हे समजून घेतल्याशिवाय देता येत नाही.

कॅल्क्युलेटरची काच

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' ही खिशातल्या खेळांची मालिका आणली. तिचे जनक गुनपेई योकोई. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबत बसलेला पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. या खेळांची स्क्रीनही कॅल्क्युलेटरच्याच जातीची होती. तिच्यावर पिक्सेल नव्हते. खेळातला माणूस किंवा चेंडू ज्या ज्या जागी दिसणार, त्या प्रत्येक जागेची आकृती काचेत आधीच आखलेली असे आणि विजेचा इशारा मिळताच ती काळी होई. साहजिकच एका संचात आखलेला तेवढाच खेळ.

महाराष्ट्राच्या शहरांत नव्वदच्या दशकात लहानपण गेलेल्यांना हीच काच 'ब्रिक गेम' या नावाने आठवेल. आडवे दहा आणि उभे वीस असे दोनशे चौकोन, आणि वेष्टनावर '९९९९ इन १' असा दावा. मोजके खेळ निरनिराळ्या वेगांनी आणि पातळ्यांनी पुन्हा पुन्हा मोजले की हा आकडा भरत असे. खरा गेम बॉय त्या काळात आपल्याकडे फार थोड्या घरांत पोहोचला. आपल्याकडच्या बहुतेकांची 'टेट्रिस'ची ओळख या दोनशे चौकोनांतच झाली.

हिरवट पडद्याची सरशी

गेम बॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी विक्रीस आला. किंमत १२,५०० येन. स्क्रीन सुमारे अडीच इंचांची, पिक्सेल १६० बाय १४४, आणि छटा अवघ्या चार. तिला स्वतःचा प्रकाश नव्हता. काचेच्या मागे आरशासारखा थर होता. खोलीतला उजेड आत शिरून त्यावरून परते आणि चित्र दिसे. रात्री दिव्याखाली बसल्याशिवाय खेळणे शक्य नव्हते.

ही स्क्रीन 'एसटीएन' जातीची. तीत प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र स्विच नसतो. आडव्या ओळी आणि उभे रकाने यांना पाळीपाळीने वीज देऊन चित्र उमटवले जाते. हे काम स्वस्तात होते आणि वीज कमी लागते, पण पिक्सेल आळशी असतात. चित्र वेगाने सरकले की मागे पुसट सावली रेंगाळते. या काचेची स्वाभाविक झाक पिवळट हिरवी, म्हणून गेम बॉयचे चित्र मटारच्या सालीच्या रंगाचे दिसे. हा रंग कोणी हौसेने निवडलेला नव्हता.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९८९ मध्ये, अमेरिकेच्या अटारी कंपनीचा 'लिंक्स' आला. त्याची स्क्रीन रंगीत आणि मागून प्रकाश देणारी, म्हणजे बॅकलाइट असलेली होती. ऑक्टोबर १९९० मध्ये सेगाने जपानमध्ये 'गेम गिअर' आणला. त्याची स्क्रीन ३.२ इंचांची, पिक्सेल गेम बॉयइतकेच १६० बाय १४४, पण ४,०९६ रंगांतून एका वेळी ३२ रंग दाखवणारी. दुकानात तिन्ही संच शेजारी ठेवले असते, तर गेम बॉयकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. एनईसीच्या 'टर्बोएक्स्प्रेस'ने तर १९९० मध्येच प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र ट्रान्झिस्टर असलेली 'टीएफटी' स्क्रीन दिली होती. अमेरिकेत त्याची किंमत २५० डॉलर होती आणि तिथेच त्याची गोष्ट संपली.

निकाल लागला तो पेन्सिल सेलवर. गेम बॉयला चार सेल लागत आणि ते सुमारे १५ तास चालत. गेम गिअरला सहा सेल लागत, ते तीन ते पाच तासांत संपत. कारण स्क्रीनमागची छोटी फ्लुरोसंट नळी सतत वीज खात असे. लिंक्सची स्थिती फार निराळी नव्हती. ६० तास खेळायचे तर गेम बॉयला १६ सेल लागतात. गेम गिअर सरासरी चार तास चालतो असे धरले, तर त्याला ९० सेल लागतात. एवढ्या सेलांचे पैसे कोणते पालक देणार? गेम गिअर सुमारे १ कोटी ६ लाख विकला गेला. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख विकले गेले. मुरलेले, स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा वेगळ्या अंगाने विचार करावा, हे योकोई यांचे सूत्र होते. गेम बॉयच्या या पडद्याने ते खरे करून दाखवले.

या आळशी पडद्याचा काहींनी उपयोगही करून घेतला. एखादी आकृती एका क्षणी दाखवायची आणि पुढच्या क्षणी लपवायची, असे सेकंदाला तीसदा केले, तर मूळ गेम बॉयवर ती लुकलुकत नाही. सावली रेंगाळल्याने अर्धपारदर्शक दिसते. 'चिक्यू काइहोगुन झास' या १९९२ च्या जपानी खेळात आकाशाचे थर याच युक्तीने एकमेकांवर चढवलेले आहेत. तोच खेळ आजच्या चपळ स्क्रीनवर लावला, तर थर नुसतेच फडफडतात. नवी स्क्रीन प्रत्येक मोजमापात सरस असूनही चित्र बिघडते ते असे.

१९९६ चा 'गेम बॉय पॉकेट' हिरवट झाक टाकून करडा-काळा झाला. एप्रिल १९९८ मध्ये फक्त जपानमध्ये आलेल्या 'गेम बॉय लाइट'ला निळसर हिरवा उजेड देणारा पत्रा होता. हा संच आज संग्राहकच बाळगून असतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'गेम बॉय कलर'ने ३२,७६८ रंगांतून एका वेळी ५६ रंग दाखवले, तेही दोन सेलांवर आणि बॅकलाइटशिवाय. योकोई यांनी १९९६ मध्ये निन्टेन्डो सोडली आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्या घडणीत त्यांचा हात होता तो बान्दाई कंपनीचा 'वंडरस्वान' मार्च १९९९ मध्ये आला. २२४ बाय १४४ पिक्सेल, आठ छटा आणि अवघा एक सेल. तो आडवा आणि उभा, दोन्ही प्रकारे धरून खेळता येतो.

अंधारातला अ‍ॅडव्हान्स

हँडहेल्डच्या इतिहासात स्क्रीनवरून सर्वांत मोठी ओरड झाली ती 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स'च्या वेळी. २१ मार्च २००१ रोजी जपानमध्ये आलेला हा संच ताकदीने आधीच्या संचांच्या कितीतरी पुढे होता. २.९ इंचांची टीएफटी स्क्रीन, २४० बाय १६० पिक्सेल, ३२,७६८ रंग. पण स्वतःचा प्रकाश याही वेळी नव्हता. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर हे निभावून जाते. रंगीत पडद्यात मात्र बाहेरचा उजेड रंगांच्या गाळणीतून एकदा आत जातो आणि त्याच गाळणीतून परत बाहेर येतो. दोन्ही खेपांना त्यातला मोठा भाग गाळणीत जिरतो. डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो उरलासुरला.

कोनामी कंपनीचा 'कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून' हा खेळ या संचाच्या पहिल्या खेळांपैकी एक. सारा खेळ किल्ल्याच्या तळघरांत आणि रात्रीत घडणारा. अनेकांना त्यातली पात्रेच नीट दिसेनात. त्याच मालिकेतील २००२ च्या 'हार्मनी ऑफ डिसोनन्स'मध्ये रंग मुद्दाम भडक करण्यात आले आणि नायकाभोवती उजळ कड काढण्यात आली. इतरही अनेक खेळांत रंग गरजेपेक्षा फिकट आणि उजळ ठेवले जाऊ लागले. संचाला अडकवायचे गांडुळासारख्या मानेचे दिवे विकले गेले. एका छोट्या कंपनीने तर संच उघडून आत बसवायचा 'आफ्टरबर्नर' हा प्रकाशसंच २००२ मध्ये बाजारात आणला.

अखेर १४ फेब्रुवारी २००३ रोजी जपानमध्ये 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी' आला. घडी घालून मिटणारा, चार्ज होणारी बॅटरी असलेला, आणि प्रकाश देणारा. हा प्रकाश मात्र मागून नव्हता. स्क्रीनच्या कडेच्या दिव्याचा उजेड पृष्ठभागावर पसरवला जाई, म्हणजे तो फ्रंटलाइट होता. त्याने चित्र दिसू लागले, पण त्यावर धुक्यासारखी पांढुरकी झाक आली. २००५ मध्ये अमेरिकेत याच संचाची खऱ्या बॅकलाइटची आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीचा क्रमांक एजीएस-००१, दुसरीचा एजीएस-१०१. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. चित्रात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि जुन्या बाजारातल्या भावातही तो पडतो. दोहोंपैकी घ्यायचा तर १०१च घ्यावा, याबद्दल प्रस्तुत लेखकाला शंका नाही.

एक पेच मात्र १०१ ने उघडा पाडला. अंधाऱ्या पडद्यासाठी मुद्दाम उजळ केलेले रंग लख्ख पडद्यावर भगभगीत दिसतात. मग त्या खेळाचे खरे रंग कोणते? मूळ संचावर दिसणारे मंद, की खेळाच्या फाइलमध्ये लिहिलेले भडक? आजच्या संचांत 'रंगदुरुस्ती'ची सोय असते ती याच कारणाने. ती चालू केली की रंग पुन्हा थोडे मावळतात. बरेच जण ती बंद ठेवतात आणि जुने खेळ असे बटबटीत का, म्हणून नवल करतात.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. २००५ च्या 'गेम बॉय मायक्रो'ची दोन इंची स्क्रीन लहान, पण फार रेखीव. मात्र तिच्यावर मूळ गेम बॉयचे खेळ चालत नाहीत. २००४ च्या 'निन्टेन्डो डीएस'च्या प्रत्येक पडद्यावर २५६ बाय १९२ पिक्सेल आहेत. अ‍ॅडव्हान्सचे कार्ट्रिज त्यात घातले की चित्र भोवती काळी चौकट ठेवून पिक्सेलला पिक्सेल असे उमटते. सोनीचा 'पीएसपी' डिसेंबर २००४ मध्ये ४.३ इंच आणि ४८० बाय २७२ पिक्सेलांची रुंद स्क्रीन घेऊन आला. पुढे भारतातही तो अधिकृतपणे विकला गेला. त्याच्या पहिल्या मॉडेलमध्ये सावली रेंगाळते. २००८ च्या ३००० या मॉडेलमध्ये रंग खुलले आणि सावली कमी झाली, पण हालत्या चित्रात बारीक आडव्या रेघा दिसू लागल्या. त्यामुळे मधल्या २००० या मॉडेलचे चाहते आजही भेटतात. २०११ च्या 'व्हिटा'ची पाच इंची ओएलईडी स्क्रीन ९६० बाय ५४४ पिक्सेलांची, म्हणजे पीएसपीच्या बरोबर दुप्पट. परिणामी पीएसपीचे खेळ तिच्यावर नेमके बसतात. व्हिटाच्या २०१३ च्या पातळ मॉडेलमध्ये साधी एलसीडी आली आणि गडद काळा रंग गेला.

पटीचे गणित

आजच्या संचांकडे वळताना हाच दुपटीचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. जुन्या खेळाचा एक पिक्सेल नव्या पडद्यावर बरोबर दोन, तीन किंवा चार पिक्सेल रुंद झाला, तर चित्र कोरीव राहते. तो अडीच किंवा पावणेतीन पट व्हायचा असेल, तर काही रकाने दोन पिक्सेलांचे होतात, काही तीनचे. स्थिर चित्रात हे चटकन कळत नाही. पण खेळातला देखावा सरकू लागला की त्यात लाटा उठल्यासारखे दिसते. त्या लपवायच्या तर सॉफ्टवेअर कडा पुसट करते, म्हणजे चित्र धूसर होते.

चिनी कंपन्यांच्या स्वस्त संचांत सर्वाधिक आढळणारी स्क्रीन ६४० बाय ४८० पिक्सेलांची असते. २०२१ चा 'मियू मिनी' आणि 'आन्बर्निक' कंपनीची अनेक मॉडेल्स ही त्याची उदाहरणे. या पडद्यावर मूळ गेम बॉय तिप्पट होऊन ४८० बाय ४३२ असा बसतो. कडेला काळ्या पट्ट्या राहतात, पण चित्र निर्दोष. टीव्हीला जोडायच्या जुन्या संचांचे खेळही इथे ठीक दिसतात, कारण पडद्याचा आकार टीव्हीसारखाच ४:३ आहे. अ‍ॅडव्हान्सचे मात्र जमत नाही. दुप्पट केला तर तो ४८० बाय ३२० एवढाच होतो. स्क्रीन साडेतीन इंचांची असेल, तर हे चित्र कर्णात जेमतेम अडीच इंच भरते. मूळ अ‍ॅडव्हान्स २.९ इंचांचा होता! जाहिरातीत साडेतीन इंच वाचून घेतलेल्या संचावर वीस वर्षांपूर्वीच्या संचापेक्षा लहान चित्र, अशी ही गंमत. पूर्ण रुंदी भरायची तर २.६७ पट करावे लागते आणि लाटा सुरू होतात.

अ‍ॅडव्हान्सचेच खेळ मुख्यतः खेळायचे असतील, तर त्याच्या ३:२ आकाराची स्क्रीन शोधावी. आन्बर्निकच्या २०२० च्या 'आरजी ३५१ पी'मध्ये ती ४८० बाय ३२०, म्हणजे दुप्पट आहे. नंतरच्या 'आरजी ३४ एक्सएक्स'मध्ये ७२० बाय ४८०, म्हणजे तिप्पट आहे. दुसऱ्या संचाची स्क्रीन ३.४ इंचांची, म्हणजे आकड्याने जरा लहानच. पण अ‍ॅडव्हान्सचे चित्र तिच्यावर काठोकाठ भरते आणि मूळ गेम बॉयही उभ्या ४८० पिक्सेलांत तिप्पट मावतो. इंचांचा आकडा दिशाभूल करतो तो असा. जाता जाता सांगायला हवे की, अशा संचांबरोबर विक्रेते हजारो खेळ भरलेले मेमरी कार्ड देतात. त्यांतील बहुतेक खेळांचे हक्क मूळ कंपन्यांकडेच आहेत.

पटीचे हे गणित सर्वांत गांभीर्याने घेतले ते 'अ‍ॅनालॉग पॉकेट'ने. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या या संचात मूळ कार्ट्रिज बसतात. त्याची साडेतीन इंची स्क्रीन १६०० बाय १४४० पिक्सेलांची, म्हणजे गेम बॉयच्या दोन्ही बाजूंनी बरोबर दहापट आहे. जुन्या एका पिक्सेलसाठी इथे शंभर पिक्सेल मिळतात. जुन्या पडद्यावर दोन पिक्सेलांमध्ये जी केसाएवढी फट दिसे, तीही त्यामुळे रेखाटता येते. ६४० बाय ४८० च्या पडद्यावर ही फट काढायला गेले, तर तीन पिक्सेलांतला एक तिच्यातच खर्ची पडतो आणि चित्र जाळीआडून पाहिल्यासारखे होते. मूळ पडद्यांची नक्कल करण्याच्या बाबतीत पॉकेटची बरोबरी साध्या संचांना जमणारी नाही. अ‍ॅडव्हान्सला मात्र तो पूर्ण रुंदीत नेमकी पट देत नाही. सहापट केले तर कडेला पट्ट्या राहतात.

२०२४ च्या 'क्रोमॅटिक'ने उलटी वाट धरली. त्याच्या २.५६ इंची स्क्रीनवर पिक्सेल पुन्हा १६० बाय १४४ एवढेच आहेत, रंग गेम बॉय कलरशी जुळवलेले आहेत, आणि प्रकाश मागून येतो. गुणाकाराचा प्रश्नच उरत नाही. पण या स्क्रीनवर गेम बॉय आणि गेम बॉय कलर यांच्या पलीकडचे काही खेळायची आशा ठेवू नये. त्याला तीन पेन्सिल सेल लागतात. बाहेरच्या उजेडावर चालणारी स्क्रीनही अजून संपलेली नाही. २०२२ च्या 'प्लेडेट'चा पडदा ४०० बाय २४० पिक्सेलांचा, निव्वळ काळा-पांढरा आणि बॅकलाइटविना आहे. उन्हात तो पाहावा, आणि मग शेजारी मोबाइलचा पडदा पाहावा.

जुना संच घेताना

मूळ संचच हवा असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गेम बॉयचे मूळ पडदे बनणे केव्हाच थांबले आहे. आता जेवढे आहेत त्यांतून दरवर्षी काही निकामी होत राहणार. जुन्या सांगाड्यात नवी बॅकलाइटची आयपीएस स्क्रीन बसवण्याचे तयार किट मिळतात आणि ते चित्र डोळ्यांना सुखावते. पण त्यासाठी चालू स्थितीतला मूळ पडदा काढून टाकू नये. पडदा मेलेला संच निवडावा आणि त्यावर हे प्रयोग करावेत. नव्या स्क्रीनला वीज जास्त लागते, त्यामुळे सेल लवकर संपतात, हेही आधीच गृहीत धरावे.

मूळ गेम बॉयवर उभ्या रेघा गायब झालेल्या दिसल्या, तर घाबरू नये. काचेला चिकटवलेल्या पट्टीचा सांधा सुटल्याने असे होते. जाणकार कारागीर तो सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने हलकेच दाबून पुन्हा बसवू शकतो. पडद्याच्या मधोमध काळपट किंवा जळल्यासारखा डाग असेल, तर तो उन्हात राहून खराब झालेल्या ध्रुवणपटलाचा असतो. हे पटल बदलता येते, पण जुने खरवडून काढताना काच फुटण्याची भीती असते. गेम गिअरमधले कपॅसिटर वयोमानाने गळतात. आधी आवाज बारीक होतो, मग चित्र अंधुक होते. ते बदललेले आहेत का, हे विचारल्याशिवाय गेम गिअर घेऊ नये. कोणत्याही संचाचे सेलचे झाकण उघडून आतल्या पत्र्यांवर हिरवा-पांढरा थर नाही ना, हे पाहावे. सेल आत ठेवून वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेल्या संचांत तो हमखास असतो.

एसपी घेताना पाठीवरच्या लेबलवर विसंबू नये, कारण सांगाडे आणि लेबले बदलून मिळतात. संच चालू करून प्रकाशाचे बटण दाबावे. प्रकाश पूर्ण विझला तर तो ००१. नुसता कमी-जास्त झाला, पण विझला नाही, तर १०१.